'२४ बिट'च्या नादात

घरी संगीताचं यंत्र बनवायचं म्हटलं की आपण आधी चिपवरचं '२४ बिट' बघतो. पण आधी विचारा, आवाज आत घ्यायचाय का? इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात तो फक्त बाहेर काढायचा असतो. तिथे कोडेक हवाच कशाला? पीसीएम५१०२ए हा नुसता डॅक पुरतो. त्याला वेगळा मास्टर क्लॉक लागत नाही, रजिस्टरं भरायची कटकटही नाही.

गिटार इफेक्टला मात्र एडीसी आणि डॅक दोन्ही लागतात, म्हणजे कोडेक आलाच. टीएलव्ही३२०एआयसी२३बी घ्या. हाही २४ बिटचा, पण डेटाशीटमध्ये एडीसीचा सिग्नल-टू-नॉइज रेशो आहे ९० डेसिबल. एका बिटाला साधारण ६ डेसिबल धरले, तर कामाचे बिट भरतात १५! उरलेल्यांत नुसती खरखर. गिटारला तेवढे भरपूर झाले. खरी गोची इनपुटला आहे: लाइन इनपुटचा इंपिडन्स काही दहा किलोओहम, आणि पिकअपला हवा १ मेगाओहमच्या आसपास. थेट जोडलीत तर आवाज मंद आणि बोदा येईल. मध्ये टीएल०७२चा बफर टाकाच. क्रिस्टल १२.२८८ मेगाहर्ट्झचा, २५६ने भागला की बरोबर ४८ किलोहर्ट्झ.

ऑर्डर देताना पॅकेज टीएसएसओपीच मागा. पायांत अंतर ०.६५ मिमी, भरपूर फ्लक्स लावून साध्या सोल्डरिंग आयर्नने जमतं. क्यूएफएनला बाहेर पायच नसतात. हॉस्टेलच्या टेबलावर तो प्रकार नको.