ब्लॅक बेल्टची परीक्षा आणि मुलांचे शरीर

तालुक्याच्या गावीही आता तायक्वांदोचे वर्ग भरतात. पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करून पिवळा, हिरवा, निळा, लाल अशा पायऱ्या चढत मुले ब्लॅक बेल्टच्या परीक्षेपर्यंत पोहोचतात. परीक्षेची तारीख ठरली की सराव एकदम दुप्पट होतो आणि दुखणी सुरू होतात. मग पालक दवाखान्यात येऊन म्हणतात, "डॉक्टर, रविवारी परीक्षा आहे, तेवढ्यापुरती दुखण्याची गोळी द्या." आजचा लेख या मागणीविषयी आहे.

तायक्वांदो हा मूळचा कोरियाचा खेळ. 'ते' म्हणजे पाय, 'क्वॉन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो पदकांचा खेळ झाला. परीक्षेत साधारणपणे ठरावीक हालचालींचा क्रम (पूमसे), लढत आणि लाकडी फळी फोडणे यांचा समावेश असतो. सोल येथे १९७२ साली उभ्या राहिलेल्या कुक्कीवॉन या मुख्य केंद्राच्या नियमानुसार १५ वर्षांखालील मुलांना 'दान' न देता 'पूम' हा दर्जा देतात. त्यांचा पट्टा अर्धा लाल व अर्धा काळा असतो. म्हणजे मुलांचे शरीर मोठ्यांसारखे नसते, हे या खेळाच्या नियमांनीही मानले आहे.

वाढती हाडे

वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा मऊ थर असतो. हाडाची लांबी तेथूनच वाढते. मुलींमध्ये साधारण १४-१५ व मुलांमध्ये १६-१७ व्या वर्षापर्यंत हा थर कठीण हाडात बदलतो. तोवर वारंवार उड्या व किक मारल्याने टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागते. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांत टाचदुखी बरीच आढळते. हे दुखणे विश्रांतीने बरे होते. मात्र गोळी घेऊन त्यावरच सराव केल्यास ते महिनोन् महिने रेंगाळते. लहान मुलांनी हाताने कठीण वस्तू फोडण्याचा सराव करू नये. बोटांची व मनगटाची हाडे त्यासाठी तयार झालेली नसतात.

सराव कसा वाढवावा?

परीक्षेच्या निदान तीन महिने आधीपासून सराव थोडा थोडा वाढवावा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. सुरुवातीची १०-१५ मिनिटे हलके धावणे आणि हातपाय झुलवण्याचे व्यायाम करावेत. स्नायू ताणून धरण्याचे व्यायाम शेवटी, अंग गरम असताना करावेत. पाय पूर्ण फाकवून बसता यावे म्हणून खांद्यावर दाब देणे किंवा झटके मारणे धोक्याचे आहे. त्याने जांघेचा वा मांडीमागचा स्नायू फाटतो. लवचीकता येण्यास महिने लागतात.

पाय मुरगळल्यास तेल चोळू नये व पहिले दोन दिवस शेकू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे दिवसातून तीन-चार वेळा लावावा, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा. पाय टेकवून चार पावलेही चालता येत नसेल तर एक्स-रे काढावा.

डोक्याचा मार

ही बाब सर्वांत गंभीर आहे. शिरस्त्राणाने कवटीचे रक्षण होते, पण आतील मेंदूला बसणारा हादरा पूर्णपणे टळत नाही. किक लागल्यावर डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले तर त्या दिवशी मुलाने पुन्हा लढतीस उभे राहू नये. हा हादरा बसण्यासाठी बेशुद्ध होणे आवश्यक नसते. वारंवार उलटी, झटके, वाढती डोकेदुखी, अतिझोप वा हातपाय लुळे पडणे अशी लक्षणे दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. इतरांनीही सर्व त्रास थांबून डॉक्टर परवानगी देईपर्यंत लढतीचा सराव करू नये. परीक्षा हुकेल या भीतीने मुले हा मार लपवतात, म्हणून घरच्यांनी स्वतःहून विचारावे.

आहार व झोप

वजनगटासाठी पाणी तोडणे, उपाशी राहणे किंवा जाड कपडे घालून घाम गाळणे हे वाढत्या वयात अजिबात करू नये. भाकरी, उसळ, डाळ, दूध, अंडे, शेंगदाणे, केळे हा आपला साधा आहार पुरेसा आहे. महागड्या पावडरींची गरज नाही. पाळी सुरू झालेली मुलगी लवकर दमत असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास उपचार हवेत. १३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप लागते. परीक्षेच्या दिवशी दोन-तीन तास आधी हलके जेवण घ्यावे. दमा असणाऱ्यांनी आपला पंप जवळ ठेवावा.

परीक्षेच्या आठवड्यात मूल लंगडत असेल, तर पालकांनी गोळी मागण्याऐवजी प्रशिक्षकांशी बोलून पुढची तारीख घ्यावी. परीक्षा पुन्हा देता येते. दुखावलेल्या गुडघ्याला किंवा मेंदूला मात्र बरे होण्यास लागेल तेवढा वेळ द्यावाच लागतो.