संगणकाची नोंद संगणकाकडूनच

नागपूर जिल्ह्यातील शाळा असो वा ग्रामपंचायत, नवा संगणक येताच त्याची नोंद जडवस्तू नोंदवहीत होते. ही नोंद केवळ देयकावरून केली, तर पेटीच्या आत खरोखर काय आहे हे कसे कळावे?

लिनक्स प्रणालीत, तसेच तिच्यावर आधारलेल्या सी-डॅकच्या ‘बॉस’ प्रणालीत, याची सोय आहे. कर्नल हा प्रणालीचा गाभा. सामान्य प्रोग्रामला यंत्रभागांना थेट हात लावता येत नाही. शेताची माहिती तलाठ्याच्या दप्तरातून घ्यावी, तशी ती कर्नलकडून घ्यावी लागते. त्यासाठी ‘प्रोक’ आणि डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीत आलेली ‘सिस’ अशा दोन निर्देशिका आहेत. त्यांतील फाइली डिस्कवर साठविलेल्या नसतात. फाइल वाचताच कर्नल त्या क्षणीची माहिती पुरवितो. ‘प्रोक’मधील ‘सीपीयूइन्फो’ प्रोसेसरचे नाव सांगते, ‘मेमइन्फो’ स्मृतीचे प्रमाण. ‘सिस’मध्ये डिस्कचा आकार ५१२ बाइटांच्या एककांत मिळतो.

स्मृतीचा काही भाग राखीव असल्याने आकडा देयकापेक्षा थोडा कमी दिसतो. तेवढ्यावरून पुरवठादारास दोष देऊ नये. मात्र ८ जीबीऐवजी ४ जीबीच्या आसपास आकडा आला, तर विचारणा अवश्य करावी. यंत्राचा अनुक्रमांक प्रशासकाच्या अधिकाराशिवाय वाचता येत नाही. निर्मात्याने तो यंत्रात भरलाच नसेल, तर कर्नलही तो सांगू शकत नाही. म्हणून देयक, यंत्रावरील चिठ्ठी आणि कर्नलची माहिती ताडून पाहावी व मगच नोंदवहीवर स्वाक्षरी करावी.