एका फेजवर तीन फेजची मोटर

मकरपुऱ्यातील एखादा लहान कारखाना बंद झाला की तिथले लेथ, ड्रिल, ग्राइंडर भंगाराच्या भावात बाहेर येतात. बेड न झिजलेला साडेचार फुटी लेथ बडोद्यातील जुन्या घराच्या तळमजल्यावर सहज मावतो. अडते ते एकाच ठिकाणी. यंत्राची मोटर तीन फेजची असते आणि घरात आलेली वीज एका फेजची. ही अडचण घेऊन माझ्याकडे अधूनमधून कोणी ना कोणी येत असते, आणि त्यांतले बरेचसे एक मोटर जाळून झाल्यावर येतात. म्हणून हे टिपण.

सर्वांत आधी वीज कंपनीकडे तीन फेजच्या जोडाची चौकशी करावी. तो मिळत असेल तर पुढचे काही वाचण्याची गरज नाही. पण सामाईक घरात मीटर थोरल्या काकांच्या नावावर असतो, भाऊबंदांच्या संमतीचा प्रश्न येतो, मंजूर भार वाढवला की बिलातला स्थिर आकारही वाढतो. छंदापुरते एक यंत्र चालवायचे तर इतके कोणी करत नाही. आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. घरगुती जोडावर बाहेरची कामे पैसे घेऊन करणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतो. धंदा करायचा तर धंद्याचाच जोड घ्यावा.

आता मूळ गोष्ट. मोटर जाळून आलेल्याला मी विचारतो, फेज म्हणजे काय? उत्तर ठरलेले असते: तार. तीन फेज म्हणजे तीन तारा. मग एकाच फेजला दोन फाटे काढून मोटरच्या दोन टोकांना दिले आणि न्यूट्रल तिसऱ्याला दिला, तर तारा तीन झाल्याच की! मोटर नुसती घूं करते, फिरत नाही, आणि दोन-चार मिनिटांत वार्निश जळाल्याचा वास येतो.

भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत फेजला ‘कला’ असा शब्द आहे, चंद्राची कला असते तसा. कारागिराच्या तोंडी तो बसला नाही आणि मीही बोलताना फेजच म्हणतो. पण शिकवताना एकदा तरी कला म्हणून सांगतो. फेज म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे तार येते. कला म्हटले की वेळ येते. आणि इथे सगळा प्रश्न वेळेचा आहे. आपल्याकडे विजेची एक लाट २० मिलिसेकंदांत पुरी होते. तीन फेजमध्ये अशा तीन लाटा एकमेकींच्या मागे लाटेच्या एक तृतीयांशाने, म्हणजे सुमारे ६.७ मिलिसेकंदांनी, येतात. १२० अंशांचे कलांतर म्हणतात ते हेच.

मोठ्या जात्याभोवती तीन माणसे बसली आहेत आणि खुंटा समोर येईल तसा ज्याने त्याने पुढे लोटायचा आहे, अशी कल्पना करा. जाते आपोआप एकाच दिशेने फिरेल. मोटरच्या तीन वेटोळ्यांचे काम तेच. त्यांच्यामुळे पोटात फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि रोटर त्याच्यामागे ओढला जातो. एकाच माणसाने सरळ रेषेत नुसते पुढे-मागे केले तर थांबलेले जाते थरथरेल, फिरणार नाही. मात्र आधीच फिरत असेल तर तेवढ्या धक्क्यांवरही ते फिरत राहील, आणि ज्या दिशेला सुरुवात मिळाली त्याच दिशेला. एका फेजवरची मोटर हुबेहूब अशीच वागते.

(अशी मोटर दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी जर्मनीत १८८९ साली चालवून दाखवली. पुढच्याच वर्षी सयाजीरावांनी बडोद्यात कलाभवन काढले. तिथले प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असे की हे ज्ञान विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत मिळावे. त्या कलाभवनातली ‘कला’ वेगळी, पण मला हा योगायोग आवडतो.)

वाइंडिंगच्या दुकानात जळलेली मोटर उघडली की तिची हकीकत वाचता येते. स्टार जोडणीतली मोटर एक फेज गेल्याने जळाली असेल तर तीनपैकी दोन वेटोळी काळी पडलेली आणि एक नव्यासारखे स्वच्छ दिसते. डेल्टा असेल तर उलट: एक काळे, दोन स्वच्छ. तिन्ही सारखी काळी असतील तर दोष फेजचा नसून भाराचा किंवा बेअरिंगचा आहे.

उपाय तीन आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे कपॅसिटर, ज्याला आपले वायरमन कंडेन्सर म्हणतात. दोन टोकांना घरची वीज द्यायची आणि तिसऱ्या टोकाला कपॅसिटरमधून. कपॅसिटर विजेची वेळ सरकवतो, म्हणजे खोटी का होईना दुसरी कला मिळते. डेल्टात जोडलेल्या मोटरला २३० व्होल्टवर दर किलोवॉटला सुमारे ७० मायक्रोफॅरड हा ढोबळ हिशेब. एक अश्वशक्तीला ५० च्या आसपास. पण मोटर पाट्यावरच्या शक्तीच्या साठ-सत्तर टक्केच काम करते आणि उठताना तिचा जोर फारच कमी असतो. ग्राइंडरला हे चालते. लेथवर मोठा चक लावला असेल तर नाही. खेड्यात पुऱ्या तीन फेज नसताना शेतकरी याच युक्तीने पंप चालवत आले आहेत, आणि त्यात किती मोटरी जळतात हे वाइंडिंगवाल्याला विचारावे.

दुसरा उपाय, भारापेक्षा मोठी एक रिकामी तीन फेजची मोटर आधी फिरवून तिच्याकडून तिसरी फेज घेणे. दोन-तीन यंत्रे असतील तर तो चांगला आहे, पण आवाज सतत राहतो, आणि घरच्या २३० व्होल्टवरून मिळणारा दाबही २३० चाच असतो. त्यावर रोहित्र बसवावे लागते. घरात एक लेथ असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

तिसरा उपाय ड्राइव्हचा. तो घरची वीज आत घेतो, तिचा एकदिश प्रवाह करतो आणि त्यातून नव्याने तीन कला कापून काढतो. वेगही हवा तसा मिळतो. मात्र पैसे देण्याआधी मोटरचा पाटा वाचावा. एका फेजवर चालणारा साधा ड्राइव्ह २३० व्होल्टच्याच तीन फेज देतो. एक-दोन अश्वशक्तीच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्ट, स्टार अशा असतात. तशीच जोडली तर जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे घटतो आणि जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. स्टारमध्ये प्रत्येक वेटोळ्यावर प्रत्यक्षात २४० व्होल्टच असतात, म्हणून तीच मोटर डेल्टात जोडली की २३० वर पुऱ्या जोराने चालते. डब्यात सहा टोके असतील तर फक्त पट्ट्या बदलायच्या. तीनच असतील तर स्टारची गाठ आत पुरलेली आहे. वाइंडिंगवाल्याकडून ती सोडवून सहा टोके बाहेर काढून घ्यावीत. पाट्यावर ४१५ डेल्टा लिहिले असेल तर ही युक्ती लागू नाही.

ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये कुठलाही स्विच ठेवू नये. लेथचा जुना उलट-सुलट स्विच ड्राइव्हच्या नियंत्रणाच्या टोकांना जोडावा. अर्थिंग पक्के हवे. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट काही मिनिटे टिकतात, तेव्हा दहा मिनिटे थांबल्याशिवाय झाकण उघडू नये. वेग मिळाला म्हणून बॅकगिअर विसरू नये: ५० ऐवजी १० हर्ट्झवर मोटर शक्तीचा पाचवा हिस्साच देते आणि तिचा पंखाही मंदावतो, म्हणून ती तापते. जाड काप गिअरवरच घ्यावा.

आणि चक आट्यांवर बसणारा असेल तर थांबण्याचा अवधी आठ-दहा सेकंद ठेवावा. ड्राइव्ह एका सेकंदात स्पिंडल थांबवू शकतो, पण जड चक फिरतच राहतो आणि आटे सुटून मांडीवर येतो.