अकरा नोव्हेंबर

११ नोव्हेंबर हा दिवस २००८ सालापासून आपल्या देशात 'राष्ट्रीय शिक्षण दिन' म्हणून पाळला जातो. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचा हा जन्मदिवस. पण या तारखेची हकीकत एवढ्यावरच संपत नाही.

मौलाना आझाद यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्का शहरात झाला. नेमक्या त्याच दिवशी सिंधमधील हैदराबाद येथे जीवतराम कृपलानी जन्मले. आझादांचे शिक्षण घरीच झाले. कृपलानी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९१२ साली आझादांनी कोलकात्यात 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढले व लोकांना जागे केले. कृपलानी प्राध्यापक होते. १९१७ साली चंपारणच्या लढ्यात त्यांनी गांधीजींना साथ दिली. पुढे ते गुजरात विद्यापीठात आचार्य झाले. तेव्हापासून लोक त्यांना 'आचार्य कृपलानी' म्हणू लागले.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी दोघांना तीस वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता युरोपात पहिल्या महायुद्धाच्या तोफा थांबल्या. या युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक मरण पावले होते. युद्ध थांबले, पण आपला देश पारतंत्र्यातच राहिला. मौलाना त्या वेळी रांचीत नजरकैदेत होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' आंदोलन सुरू होताच इंग्रज सरकारने काँग्रेसच्या नेत्यांना पकडले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. (हे शहर आता अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते.) त्या कैद्यांत आझाद आणि कृपलानी दोघेही होते. त्या वर्षीचा ११ नोव्हेंबर दोघांनी एकाच तटबंदीच्या आत काढला.

एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कोलकात्यात वारल्या. त्या आजारी असल्याचे मौलानांना कळले होते. तरी त्यांनी सरकारकडे सवलत मागितली नाही. पत्नीची शेवटची भेट झाली नाही. किल्ल्यात लिहिलेली त्यांची पत्रे पुढे 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकात आली.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा कृपलानी काँग्रेसचे अध्यक्ष होते. आझाद शिक्षणमंत्री झाले व १९५८ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्याच काळात १९५१ साली खरगपूरची तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली.

११ नोव्हेंबर १८८८ रोजी जगात आणखी कितीतरी बालके जन्मली असतील. त्यांतील या दोघांचा धर्म वेगळा, मातृभाषा वेगळी, गाव वेगळे. पण देशासाठी दोघांनी एकच तुरुंगवास पत्करला. म्हणून ही तारीख आपण लक्षात ठेवतो.

शब्दार्थ : हकीकत – गोष्ट, वृत्तांत, पारतंत्र्य – गुलामी, तटबंदी – किल्ल्याची भिंत, पत्करणे – स्वीकारणे.

स्वाध्याय
१. आझाद व कृपलानी यांच्यात कोणते साम्य होते? कोणता फरक होता?
२. मौलानांनी सरकारकडे सवलत का मागितली नसेल? तुमचे मत लिहा.
३. तुमच्या जन्मतारखेस घडलेली एक ऐतिहासिक घटना शोधा व पाच वाक्ये लिहा.