कलम तोडताना आधी वर बघा



मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्याकडची कितीतरी कलमे मोडली. मोडलेली फांदी लगेच खाली येतेच असं नाही. ती वर बेचक्यात अडकून राहते आणि कुऱ्हाडीच्या हादऱ्याने सुटते. म्हणून:

१) तोडणीआधी झाडाभोवती फिरून वर बघा. सुकलेल्या, बांडगूळ लागलेल्या, खोडकिड्याने पोखरलेल्या फांद्यांचा भरवसा नाही.

२) अडकलेल्या फांदीखाली उभे राहू नका. दोराला आकडी लावून लांबून, बाजूने ओढा.

३) जड फांदी खोडापासून फूटभर सोडून आधी खालून एक तृतीयांश कापा, मग थोडं पुढे वरून. साल सोलत नाही, फांदी खोडाकडे झोकत नाही. खुंट शेवटी काढा.

४) पूर्ण झाड पाडताना बाकीचे सगळे झाडाच्या दुप्पट उंचीइतके लांब. कापणाऱ्याने मागे तिरकी वाट मोकळी ठेवावी. झाड कलू लागलं की लगेच त्या वाटेने निघावं.

५) डोक्यावर हेल्मेट. वारा सुटला की काम बंद. जवळ वीजतार असेल तर महावितरणकडून लाईन बंद झाल्याशिवाय हात लावू नका.

दुखापत झाल्यास १०८. हा मेसेज गड्यांनाही वाचून दाखवा.