तळावरची अक्षरे वाचा

आपल्या उद्यमबागेतील फौंड्रीत वितळलेले लोखंड साच्यात ओततात. खेळण्यातल्या जुन्या धातूच्या मोटारींसाठी जस्ताचा मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरत.

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या अशा मोटारी १९३४ पासून ‘डिंकी’ नावाने विकल्या गेल्या. तिचे काही जुने साचे पुढे कलकत्त्यात आले आणि तेथील गाड्यांवर ‘निकी’ हे नाव आले. साचा तोच, गाव वेगळे! हा फरक संग्राहकांच्या पुस्तकांतून कळतो. त्यांत क्रमांक, रंग, चाके, खोके यांच्या नोंदी असतात.

म्हणून पालकांनो, माळ्यावरची जुनी गाडी मोडीत घालू नका, नव्याने रंगवूही नका. मूळ रंग गेला, की पुस्तकाशी ताडून पाहण्याची खूणच पुसली जाते. आधी गाडी उलटी करून तळ वाचा.