जलाशयाकाठचे पापलेट ताजे असते का?

प्रश्न : खडकवासला धरणाजवळील पाण्याकाठच्या उपाहारगृहांत पापलेट आणि सुरमई मिळते. पाणी समोरच असल्याने हे मासे शहरातल्यापेक्षा ताजे असतात ना? पावसाळ्यात तेथे खाणे सुरक्षित आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खडकवासला हा मुठा नदीवरील गोड्या पाण्याचा जलाशय असून पापलेट, सुरमई व बांगडा हे समुद्री मासे असल्याने, उपाहारगृह काठावर असो वा पेठेत, ते किनाऱ्यावरून बर्फात घालूनच पुण्यात येतात, म्हणून त्यांचा ताजेपणा समोरच्या पाण्यावर नव्हे, तर वाटेत व साठवणीत राखलेल्या थंडाव्यावर ठरतो. गोड्या पाण्यातले रोहू, कटला वा मरळ मागवायचे असल्यास ते कोठून आले, हे आपण निःसंकोच विचारावे.

१ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असल्याने समुद्री मासळी बहुधा गोठवलेली असते. योग्य रीतीने गोठवलेली मासळी मात्र सुरक्षितच असते, त्यामुळे केवळ पावसाळा म्हणून भिण्याचे कारण नाही. खरी काळजी बांगडा व सुरमईबाबत घ्यावी, कारण थंडावा तुटल्यास त्यांत हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखी लक्षणे निर्माण करणारे द्रव्य, तयार होते आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही.

शक्य असल्यास कच्चा मासा पाहावा : डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लालसर आणि मांस घट्ट असावे. खाल्ल्यानंतर चेहरा लाल झाला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे.